बाळंतिणीचे दूध आणि घरची औषधी
शतावरी, मेथी, अळीव व कांकेपाणी यांविषयी कुटुंबांसाठी माहिती

भिलाईच्या स्मृति नगरातील एखाद्या मराठी घरी बाळंतीण रुग्णालयातून परतते, तेव्हा तिच्या आधीच स्वयंपाकघरात पुष्कळ काही येऊन पोहोचलेले असते. नागपूर-अमरावतीकडून आलेल्या आईने डिंकाचे व अळिवाचे लाडू आणलेले असतात. सासूबाईंनी बाळंतशेपा भाजून ठेवलेला असतो. छठीच्या सुमारास शेजारच्या छत्तीसगढी घरातून कांकेपाणी, म्हणजे औषधी वनस्पती व गूळ घालून उकळलेला काढा, येतो. औषधाच्या दुकानातून शतावरी कल्पाचा डबाही आलेला असतो. 1956 पर्यंत दुर्ग आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्याची राजधानी नागपूर होती. पुढे 1959 मध्ये येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि वस्ती वाढत गेली. तेव्हा दोन्हीकडचे बाळंतपणाचे रिवाज एकाच घरात नांदावेत, यात नवल नाही.

यांतील बहुतेक पदार्थ मायेने दिलेले व निरुपद्रवी असतात. अडचण उद्भवते ती सातव्या-आठव्या दिवशी. बाळ रात्री वारंवार उठते, स्तन पहिल्या आठवड्यासारखे जड लागत नाहीत, आणि घरात निर्णय होतो की दूध पुरत नाही. कल्पाची मात्रा वाढते आणि त्याच संध्याकाळी दुधाची बाटलीही घरात येते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते. कमी प्यायल्यामुळे दूध खरोखरच कमी होते. प्रसूतिपश्चात कक्षात काम केलेल्या प्रत्येक परिचारिकेने ही साखळी पाहिलेली असते.

दूध कशाने वाढते

वार पडल्यानंतर मातेच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत दूध भरून येते. त्याआधीचे पिवळसर घट्ट चीक दूध थोडेच असते, परंतु नवजात बाळाला तेवढेच पुरते. ते काढून टाकू नये. पुढे दुधाचे प्रमाण मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: स्तनातून दूध किती वेळा व किती पूर्णपणे बाहेर पडते. बाळ चोखते तेव्हा दूध निर्माण करणारे संप्रेरक स्रवते, आणि रात्री ते अधिक स्रवते. म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. उलट, स्तनात दूध साचून राहिले तर ‘आता पुरे’ असा संदेश शरीराला जातो व निर्मिती मंदावते. महिन्याभराचे बाळ दिवसाला सरासरी 750 मिलिलिटरच्या आसपास दूध पिते. जे दूध बाहेर पडतच नाही, ते कोणत्याही काढ्याने टिकवून धरता येत नाही.

दुधाला पान्हा फुटणे ही वेगळी क्रिया आहे. वेदना, काळजी व अपमानाचे शब्द यांनी पान्हा अडखळतो. ‘तुला दूधच नाही’ हे वाक्य बाळंतिणीसमोर उच्चारू नये, असे वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

औषधींचे स्थान

दूध वाढविणाऱ्या वनस्पतींचा शोध फार जुना आहे. चरकसंहितेत ‘स्तन्यजनन’ म्हणून दहा द्रव्यांचा गण दिला आहे. त्यात दर्भ, कुश, काश, वाळा व साळीच्या भाताची मुळे अशी बहुतांशी गवतवर्गीय द्रव्ये आहेत. आज घरोघरी दिसणारी शतावरी त्या दहांत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

आधुनिक चाचण्यांचे उत्तर सावध आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात दूधवाढीच्या औषधांच्या व वनौषधींच्या 41 चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. त्यांत सुमारे 3000 माता होत्या. काही वनौषधींनी दूध थोडे वाढत असावे, असे त्यात दिसते. परंतु पुराव्याची खात्री कमी आहे. म्हणून या पदार्थांकडे मातेचा पोषक आहार म्हणून पाहावे. अळिवात लोह असते, डिंकाच्या लाडवात तूप, खोबरे व सुकामेवा असतो. प्रसूतीनंतर थकलेल्या शरीराला त्यांचा उपयोग होतो. रोज एखादा लाडू पुरे.

मेथीविषयी अधिक जपावे लागते. भाजीत किंवा लाडवात असलेली मेथी बहुतेकींना सोसते. कॅप्सूल किंवा चमचाभर चूर्ण दिवसातून अनेकदा घेतल्यास रक्तातील साखर उतरू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मातेला हे धोक्याचे ठरते. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यासही मात्रा घेऊ नये. हरभरा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असणारीला मेथीचीही होऊ शकते. काही बाळांना जुलाब व गॅसचा त्रास होतो.

शतावरी कल्पात साखर पुष्कळ असते. गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातेने डब्यावरील मजकूर वाचूनच तो घ्यावा. कांकेपाणी किंवा बाळंतकाढा घ्यावयाचा असेल तर त्यात काय काय घातले आहे, हे देणाऱ्याला विचारावे. बाजारातील सुटी, नाव नसलेली मुळी वापरू नये. भस्म असलेली औषधे स्तनदा मातेने वैद्यांच्या लेखी सल्ल्याशिवाय घेऊच नयेत. 2004 साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे दुधातूनही बाळापर्यंत पोहोचते. औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, पूरक आहारावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक व दोन्हींवर मुदतीची तारीख पाहावी. दूध वाढावे म्हणून ॲलोपॅथीच्या गोळ्या दुकानदाराच्या सांगण्यावरून घेणे तर सर्वथा टाळावे; त्यांपैकी काहींनी हृदयाचे ठोके बिघडतात.

पाण्याबाबत दोन टोके दिसतात. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, तर काही ठिकाणी दूध वाढेल म्हणून तांब्यावर तांब्या पाजतात. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. त्याहून अधिक प्यायल्याने दूध वाढत नाही. विड्याच्या पानासोबत सुपारी किंवा तंबाखू देऊ नये. शेकासाठी गोरसी किंवा शेगडी पेटवावयाची असल्यास दार-खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीतील कोळशाच्या धुराने आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो.

दिनक्रम

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 41.8 टक्के बालकांनाच हे लाभते. सिझेरियन झालेल्या मातेला टेकू देऊन, कुशीवर वळवूनही पाजता येते. त्यानंतर चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, बाळ मागेल तेव्हा पाजावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला व हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठावर अधिक दिसावा. पाजताना सतत दुखत असेल तर पकड चुकली आहे. बाळ पुरेसे ओढत नसेल तर प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर हाताने दूध काढावे व ते वाटी-चमच्याने बाळालाच द्यावे. ज्या दिवसांत मातेला हे करावयाचे आहे, त्या दिवसांत धुणी-भांडी दुसऱ्याने करावीत. दूधवाढीसाठी घरातल्या पुरुषांना करता येण्याजोगे हे सर्वांत उपयुक्त काम आहे.

मे महिन्यात भिलाईचा पारा चढतो, तेव्हा बाळाचा घसा सुकेल म्हणून पाणी पाजण्याची इच्छा होते. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत पाणी, मध, घुटी यांपैकी काहीही देऊ नये. उन्हाळ्यात अधिक वेळा अंगावर घ्यावे.

दूध पुरते की नाही

स्तन मऊ वाटणे, बाळाचे रडणे किंवा दाबून थोडेच दूध निघणे, यांवरून अंदाज बांधू नये. लघवी व वजन पाहावे. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसाला किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी केली पाहिजे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्मवजनावर परत यावे. संस्थेत प्रसूती झालेल्या घरी मितानिन 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी येते. तिच्याकडून प्रत्येक वेळी वजन करवून घ्यावे व ते लिहून ठेवावे.

वजन भरून येत नसेल, तर कल्पाचा दुसरा डबा आणण्यापूर्वी कारण शोधावे. प्रसूतीत फार रक्तस्राव होणे, वारेचा तुकडा आत राहणे, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, बाळाची जीभ खाली जखडलेली असणे, ही कारणे तपासणीत सापडतात व त्यांतील बहुतेकांवर उपाय होतो. काही मातांना सर्व प्रयत्नांनंतरही पुरेसे दूध येत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध दिले, तर त्यात त्यांची चूक नाही.

बाळ सुस्त पडले असेल, चोखत नसेल, दिवसभर लघवी झाली नसेल, ताप असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बाळाला छातीशी उबेत धरून लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास 102 क्रमांकावर महतारी एक्सप्रेस बोलवावी. घरात चालू असलेले सर्व काढे, चूर्णे व गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत.