अष्टमीची दुपार आणि तळ्यातली चिंबोरी

उन्हाळ्यात संवर्धनातल्या चिंबोऱ्या मरू लागल्या की दोष बियाण्यावर जातो, नाहीतर खाद्यावर. मला कोणी असं सांगितलं की मी आधी तिथी विचारतो. कोकणात भरतीची वेळ तिथीवरूनच काढतात: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमीला उत्तर येतं सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. मग ओहोटी ऐन दुपारी बाराला! त्यातून ती भांगाची भरती, पाणी मुळातच कमी चढलेलं. कांदळवनातल्या कुंपणात घोट्याएवढं पाणी आणि डोक्यावर चैत्राचं ऊन. पौर्णिमा-अमावास्येला उलट असतं, दुपारी बाराच्या सुमारास उधाणाचं पाणी भरलेलं असतं. म्हणून फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, दोन्ही पक्षांतली सप्तमी ते दशमी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा. खालची बरीचशी तयारी याच दिवसांसाठी आहे.

वैशाखाची वाट बघत बसू नका. मार्चमध्ये पूर्वेचे गरम वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारी उशिरापर्यंत अडतात, तेव्हा किनाऱ्यावर मे महिन्यापेक्षाही जास्त पारा चढतो. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. तेव्हा महाशिवरात्र झाली की कामाला लागायचं.

आधी उष्म्याने नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे कुठला उपाय कशासाठी हे ध्यानात राहील. चिंबोरीला स्वतःचं अंग थंड ठेवता येत नाही. पाणी तापेल तेवढी ती तापते, आणि दहा अंशांनी तापली तर तिची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. समुद्राच्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ६.२. गरज वाढली आणि पुरवठा आटला, अशा कात्रीत ती सापडते. खाडीत मोकळी असती तर चिखलात खोल बीळ करून दिवस काढला असता आणि काळोखात बाहेर पडली असती. ओलसर कल्ले असले तर हवेतूनही ती श्वास घेते. शरीराच्या आतही तजवीज असते: उष्णतेने बिघडू पाहणाऱ्या प्रथिनांना सावरणारी वेगळी प्रथिनं पेशी तयार करू लागतात. पण त्यात तिची ताकद खर्च होते, वाढ थांबते, कात टाकणं लांबतं. आपण तिला जाळीत कोंडलं आहे, तर बीळ, सावली आणि खोल पाणी देणं आपल्याकडे लागतं.

पहिलं काम मोजण्याचं. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर बांबूला बांधा आणि तळाशी सोडा. वरच्या पाण्याचा आकडा फसवतो, चिंबोरी तळाला असते. दिवसातून दोनदा, सूर्य उगवण्याआधी आणि दुपारी तीनच्या सुमारास. तळाला ३० अंशांपर्यंत निश्चिंत राहा, ३२ च्या वर खाद्य आणि पाणी यांवर लक्ष ठेवा, ३५ दिसलं की त्या दिवशी दुसरं कुठलंही काम काढू नका. प्राणवायू तपासायचा संच असेल तर पहाटेचा आकडा जपून लिहा, तो चारच्या खाली जाता कामा नये.

पहाटेचाच का? एका एप्रिलमध्ये खाडीकाठच्या एका कुंपणावर मी साडेपाचला उभा होतो. अजून नीट उजाडलेलंही नव्हतं. कुंपणाच्या बांबूंना सात-आठ चिंबोऱ्या चिकटून बसलेल्या, अर्धं अंग पाण्याबाहेर, तोंडाला बारीक पांढरा फेस. एकीला काठीने डिवचलं. एरवी दोन्ही डेंगे उगारून अंगावर येणारी ती, तिने एक डेंगा जरासा हलवला आणि तसाच खाली सोडला. कल्ल्यांतलं पाणी ती पुन्हापुन्हा हवेत घुसळत होती, त्याचाच तो फेस. ऊन आदल्या दुपारचं, पण जीव घुसमटला तो रात्रीच्या शेवटच्या प्रहरात. रात्रभर शेवाळ, चिखल, उरलेलं खाद्य आणि चिंबोऱ्या, सगळेच प्राणवायू खात होते, तयार कोणीच करत नव्हतं. म्हणून हवा घालायचं यंत्र असेल तर ते मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालू ठेवा. दुपारीही थोडा वेळ लावा, वरचं-खालचं पाणी मिसळावं म्हणून.

खोली हा सगळ्यात स्वस्त उपाय. तळ्यात किमान एक मीटर, जमलं तर दीड मीटर पाणी ठेवा. कुंपण कांदळवनात असेल तर उन्हाळ्याआधी आतल्या बाजूने चर खणून घ्या, म्हणजे ओहोटीलाही चिंबोऱ्यांना उतरायला जागा राहील. चर खणताना कांदळवनाची मुळं तोडायची नाहीत. ते बेकायदा आहेच, शिवाय तीच तुमची फुकटची सावली आहे. उघड्या तळ्यावर एक-तृतीयांश भागावर हिरवी जाळी किंवा माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं घाला. तळाला फुटके माठ, कौलं, पाइपचे तुकडे टाका. लपायला जागा असली की कात टाकलेली मऊ चिंबोरी दुसऱ्यांच्या तोंडी जात नाही, आणि उष्म्याने चिडलेल्या, दाटीत बसलेल्या चिंबोऱ्या एकमेकींना लवकर खातात. पेट्यांमध्ये पोसत असाल तर पेट्या सावलीत हलवा, काळं प्लास्टिक उन्हात झपाट्याने तापतं.

पाणी बदलायचं ते रात्रीच्या किंवा पहाटेच्या भरतीला. दुपारची भरती तापलेल्या चिखलावरून चढत येते, हात घालून बघा, कोमट लागेल. एका वेळी पाव ते एक-तृतीयांश पाणी पुरे, सगळं एकदम बदलू नका. तळ्यात बर्फाच्या लाद्या टाकलेल्याही मी पाहिल्या आहेत. तळमळीने केलेलं असतं, पण तसं करू नका. एका कोपऱ्यात गोडं गार पाणी आणि बाकी तळं तसंच, हा धक्का उष्म्याइतकाच वाईट. भर दुपारी चुनाही मारू नका. सामू वाढला की साठलेल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी.

खाद्याच्या बाबतीत माया आवरा. चिंबोरी खात नाही म्हणून आणखी तारली टाकणं म्हणजे तिच्याच वाटच्या प्राणवायूला वाटेकरी वाढवणं. लाल गोल केलेल्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणा, तेही अंधार पडल्यावर, थोडं एका ताटलीत घालून. पहाटे ताटली उचला. उरलं असेल तर दुसऱ्या रात्री आणखी कमी.

भरलेल्या, विकण्याजोग्या चिंबोऱ्या अष्टमीच्या आधीच काढा. दर चौरस मीटरला एक हे प्रमाण उन्हाळ्यात ओलांडू नका. काढणी आणि डेंगे बांधणं उजाडता उजाडता उरकायचं, ओल्या गोणपाटात, सावलीत. बर्फावर थेट ठेवायचं नाही. नवीन बीज सोडताना पिशवी अर्धा-पाऊण तास तळ्याच्या पाण्यावर ठेवून मग हळूहळू पाणी मिसळा.

आणि वळीव. पहिला पाऊस पडला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण तळ्याला तोच अवघड असतो. गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं, तापलेलं खारं पाणी खाली कोंडलं जातं. वर गारवा लागतो आणि तळाला पारा उतरतच नाही, खालचा प्राणवायूही संपत जातो. तेव्हा बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, सगळ्यात वरच्या फळ्या काढा, पावसाचं पाणी वरच्या वर जाऊ द्या, यंत्र लावून उरलेलं ढवळा, आणि थर्मामीटर पुन्हा एकदा तळाशी सोडून बघा.