नव्या ब्राउझरची आचारी-परीक्षा

गूगल क्रोम पहिल्यांदा आला तो २ सप्टेंबर २००८ रोजी. आपल्याकडे तेव्हा हरतालिकेची रात्र होती आणि उजाडल्यावर गणेश चतुर्थी. त्यामुळे पुण्यात ज्यांनी तो लगोलग उतरवून घेतला, त्यांचे दोनच प्रकार पडतात: घरी गणपती नसलेले आणि घरच्यांचं न ऐकणारे. मी दुसऱ्या प्रकारातला. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन हा माझा धंदा, त्यामुळे नवा ब्राउझर आला की तो आधी अक्षरांसाठी तपासायचा, ही खोड तेव्हापासून लागली ती लागलीच. त्यातून हाती आलेलं काही सांगतो.

१. पहिल्या दिवशी वेगाचं कौतुक करू नका.

कुठलाही ब्राउझर पहिल्या दिवशी पळतोच. त्यात ना जुना इतिहास, ना एक्स्टेन्शनं, ना महिनाभर उघडे राहिलेले टॅब. रिकामी पीएमटी स्वारगेटहून कात्रजला वेळेत पोचली म्हणून कुणी चालकाचा सत्कार करत नाही.

क्रोम खरोखरच वेगवान होता, हे मान्य. जावास्क्रिप्टसाठी त्यात व्ही-८ नावाचं नवं इंजिन होतं. पण घरात २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड असताना त्या इंजिनाचा काय उपयोग? पान आपल्या गतीनेच यायचं. मला भावली ती दुसरी गोष्ट. प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये चालायचा, त्यामुळे एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहायची. हे सगळं समजावून सांगण्यासाठी गूगलने स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकाराकडून ३८ पानांचं कॉमिक करवून घेतलं होतं. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचावीशी वाटली, असं माझ्या बाबतीत क्वचितच घडलं आहे.

२. आधी आचारी, मग आचार्य.

माझ्याकडे एक ओळ जपून ठेवलेली आहे. नवा ब्राउझर आला की पहिली तीच त्यात चिकटवतो: ‘आचाऱ्यांनी आचार्यांना दर्या नव्हे, दऱ्या दाखवल्या, राष्ट्र, हृदय, स्त्री, स्थिती, ॲप.’ अर्थाच्या वाटेला जाऊ नका, प्रत्येक शब्द तिथे कामाला ठेवलेला आहे. पहिल्या चारांत अर्धा र आणि रफार यांची परीक्षा. ‘राष्ट्र’मध्ये तीन मजली जोडाक्षर. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी संपूर्ण जोडाक्षराच्या डावीकडे जाऊन बसली पाहिजे.

२००८ साली पुण्यातल्या बहुतेक घरांत आणि सायबर कॅफेंत विंडोज एक्स्पी होतं. त्यात देवनागरीची जुळणी मुळातून चालू नसे. कंट्रोल पॅनेलच्या भाषाविभागात जाऊन एका चौकोनात टिक करावी लागे आणि मग एक्स्पीची मूळ सीडी मागितली जाई. ती सीडी कुणाकडेच नसे. का नसे, ते पुणेकरांना सांगायला नको. त्या चौकोनात टिक केलेली नसेल तर वेलांट्या भलत्या बाजूला जायच्या आणि पाय मोडलेली अक्षरं एकापुढे एक उभी राहायची. दोष ब्राउझरचा नसे, पण शिव्या त्यालाच बसत. ‘ॲ’ची तर गंमतच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं ते ५.१ या आवृत्तीत, एप्रिल २००८ मध्ये, म्हणजे क्रोमच्या जेमतेम पाच महिने आधी. जुन्या फाँटांना त्याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे त्याच्या जागी रिकामी चौकट दिसायची.

आता क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे एकच मुक्त सॉफ्टवेअर वापरतात आणि आचारी सहसा पास होतो. राहतात ते ल आणि श. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात या दोन अक्षरांची मराठी वळणं प्रमाण ठरवली. पण पानाच्या संहितेत भाषा मराठी असल्याची नोंद असेल आणि फाँटमध्येही सोय असेल, तरच ब्राउझर ती दाखवतो. एरवी हिंदी वळणाचा ल आणि श निमूट वाचायचे.

३. काय उघडतं यापेक्षा काय उघडत नाही ते बघा.

नव्या क्रोममध्ये मी हौसेने सकाळचं मराठी वर्तमानपत्र उघडलं आणि समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडला. तेव्हा अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं युनिकोडमध्ये नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट ती वापरत. या प्रकारचे कितीतरी फाँट पुण्यातच घडलेले होते: सी-डॅकचे, मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीचे. छापखान्यांत त्यांनी फार मोठं काम केलं, माझं घर त्यांच्यावरच चाललं. पण संकेतस्थळावर ते आपोआप उतरायचे ते फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. फायरफॉक्सवाल्यांसाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेन्शन होतं. ते असा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. क्रोमकडे यातलं काहीच नव्हतं, कारण क्रोमच्या स्थिर आवृत्तीत एक्स्टेन्शनं आली तीच जानेवारी २०१० मध्ये.

मग वाटणी झाली. मराठी विकिपीडिया आणि इतर युनिकोड पानं क्रोममध्ये, वर्तमानपत्र एक्स्प्लोररमध्ये, आणि पद्मा लागली की फायरफॉक्स. तीन ब्राउझर एकाच वेळी चालवायला तेव्हाच्या संगणकाची मेमरी पुरत नसे, हे वेगळं सांगायला नको.

४. कलमं वाचा.

क्रोमच्या पहिल्या करारातलं ११ वं कलम असं होतं की, त्यातून तुम्ही जे लिहाल, पाठवाल, दाखवाल ते वापरण्याचा व्यापक परवाना तुम्ही गूगलला देता. जगभरातल्या लोकांनी ते वाचून आरडाओरडा केला आणि गूगलने दुसऱ्याच दिवशी ते बदललं. इतर सेवांच्या करारातला मजकूर तसाच उचलला गेला होता, असं स्पष्टीकरण आलं. पेठेतल्या घरमालकाची पाटी आपण उभं राहून शेवटपर्यंत वाचतो, तेवढा वेळ करारालाही द्यावा.

५. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय जुना ब्राउझर काढू नका.

आमच्या इमारतीत एक सीए आहेत. त्यांच्या खणात डिजिटल सहीचं डोंगल असतं आणि कित्येक वर्षं त्यांच्या संगणकावर एक जुनापुराणा ब्राउझर केवळ त्या डोंगलसाठी जिवंत ठेवलेला होता. कारण साधं आहे. सही करणारा जावाचा तुकडा ब्राउझरमध्ये एनपीएपीआय या जुन्या सोयीमार्फत चालायचा. सुरक्षिततेच्या कारणाने क्रोमने ती सोय सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण काढून टाकली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये ती जावासाठी बंद केली. विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात कुणी त्यांना ‘काका, अपडेट करू का?’ असं विचारलं, तर ते हातातला चहा खाली ठेवून नाही म्हणायचे. विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं, तेव्हा समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. ज्यांचं काम त्याच्यावर अडलेलं होतं, ते हसणाऱ्यांत नव्हते.

या डोंगलची दखल दिल्लीतही घेतली गेली, हे बरं झालं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. त्यात भारतीय भाषा हव्यात, आपल्या प्रमाणन यंत्रणेचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरमध्येच हवं आणि डिजिटल सहीही ब्राउझरमधूनच करता यावी, अशा अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनीला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. तिचा ‘उला’ ब्राउझर २०२३ पासूनच मिळत होता. माझ्या मते या सगळ्यात सहीची अट सर्वांत शहाणपणाची होती. देशी असल्याच्या अभिमानाने माणूस ब्राउझर एकदा उतरवून घेतो. रोज वापरतो तो काम होतं म्हणून.

६. शोधा, कॉपी करा, छापा.

या तीन गोष्टींकडे पहिल्या दिवशी कुणी बघत नाही, आणि मराठीची फजिती आजही इथेच होते. ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: एकसंध ॲ वापरून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. त्यामुळे पानात शब्द समोर दिसत असूनही तो शोधताना सापडत नाही.

पत्त्याच्या पट्टीत ‘पुणे’ असं छान देवनागरी दिसतं. तोच दुवा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका, बहुतेक वेळा त्या दोन अक्षरांची ३६ रोमन चिन्हं होतात. टक्के, ई, शून्य अशी रांगच. ‘शनिवारवाडा’ लिहिलात तर ९०. घरातल्या वडीलधाऱ्यांना असा दुवा पाठवला की ‘व्हायरस आहे का रे?’ असा फोन ठरलेला.

छापण्याचंही तसंच. पान पीडीएफ करा आणि त्या पीडीएफमधून एक परिच्छेद परत कॉपी करून बघा. वेलांट्या आणि रफार जागेवर राहिले, तर त्या ब्राउझरला माझ्याकडून चहा.

७. आत काय आहे ते विचारा.

एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर चालतो. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, उला, सगळे क्रोमियमवरच. वेगळे म्हणावेत असे फायरफॉक्स आणि सफारी. आयफोनवर तर भारतात कुठलाही ब्राउझर घेतला, तरी आत ॲपलचं वेबकिटच असतं. तेव्हा नव्या ब्राउझरवर मत देताना आपण बऱ्याचदा फक्त रंगसफेदीवर बोलत असतो.

८. वाचू द्या, व्यवहार करू देऊ नका.

परदेशी कंपन्या पंचांग बघत नसाव्यात, पण मुहूर्त साधतात खरा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा पर्प्लेक्सिटीचा ‘कॉमेट’ सगळ्यांना फुकट झाला तो २ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दिवशी. ओपनएआयचा ‘ॲटलस’ मॅकसाठी आला तो २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री. हे ब्राउझर पान वाचून सारांश देतात आणि सांगितलं तर तुमच्या वतीने क्लिकही करतात.

सारांश बरा येतो, पण मराठी जिथे खरी मराठी होते तिथे पाय घसरतो. अशाच एका ब्राउझरला (नाव राहू द्या) मी ‘शंभर पानांसाठी आचारी पाहिजे’ ही जाहिरात दाखवली. शंभर पानी पाककृतींचं पुस्तक लिहून घ्यायचं आहे, असा त्याने अर्थ लावला. जेवायला किती पानं आहेत, हा प्रश्न त्याने कधी ऐकलेला नसणार.

हे हसण्यावारी नेता येतं, पुढचं नाही. पानातच दडवलेला मजकूर हा मालकाचा हुकूम समजून असा सहाय्यक पाळू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटवर हेच करून दाखवलं होतं. म्हणून ज्या ब्राउझरमध्ये बँक, मिळकतकर आणि ईमेल उघडं आहे, त्यात हा सहाय्यक मी ठेवत नाही. बातम्या आणि लेख वाचायला वेगळा ब्राउझर, पैशांच्या कामाला वेगळा.

९. कट्ट्यावर करवादण्याऐवजी तक्रार लिहा.

क्रोमच्या मदत विभागात अडचण कळवण्याची सोय आहे. विंडोजवर ऑल्ट, शिफ्ट आणि आय एकत्र दाबलं की तीच खिडकी उघडते. फायरफॉक्सच्या आणि क्रोमियमच्या त्रुटींची यादी सगळ्या जगाला खुली आहे. कुठला शब्द मोडला, कुठल्या फाँटमध्ये, विंडोजवर की अँड्रॉइडवर, एवढं लिहा आणि पडद्याचं चित्र जोडा. वरची आचाऱ्यांची ओळ त्यासाठी खुशाल वापरा.