पहिल्या होलवरचा आठ

पहिल्या होलवर आठ लागले म्हणून राऊंड बिघडत नाही. तो बिघडतो पुढच्या तीन-चार होलवर, गेलेले फटके लगेच वसूल करायच्या नादात. हौशी गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतं, म्हणून अनुभवाने कळलेलं सांगतो.

थंडीतली एक क्लब स्पर्धा. पुण्यातली सकाळ, गवतावर दव, बोटं गारठलेली. पहिला होल पार चारचा. माझा ड्राइव्ह उजवीकडच्या झाडाच्या फांदीला लागला आणि टप्पा खाऊन कुंपणाबाहेर गेला. ओबी. एक फटका दंड आणि पुन्हा टीवरूनच तिसरा. तिथून कसाबसा ग्रीनपर्यंत, ग्रीनवर तीन पट, आणि कार्डावर आठ.

त्यानंतर दुसऱ्या टीपर्यंत माणसाचं काय होतं, ते बघा. चाल वाढते. खांदे कानांकडे चढतात. ग्रिप इतकी आवळली जाते की हातमोज्याच्या तळव्यावर आडव्या सुरकुत्या उमटतात. बॅकस्विंग पुरा व्हायच्या आधीच हात खाली यायला लागतात. आणि नेमक्या अशा वेळी मन बॅगेतला सगळ्यात लांब मारणारा क्लब मागतं. मीही ड्रायव्हरसाठी हात पुढे केला. आमच्या कॅडीने, सगळे त्यांना मामाच म्हणतात, ड्रायव्हरचं कव्हर काढलंच नाही. पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, अठरातले चारच गेलेत. चौदा अजून आपल्याकडं आहेत." मग हायब्रिड पुढे केला.

हा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. माझा हँडिकॅप तेव्हा १८ होता. पार चारवर आठ म्हणजे चार फटके जादा. उरलेल्या १७ होलवर आणखी १४ जादा गेले तरी मी माझ्या हँडिकॅपइतकंच खेळलो असं होतं. म्हणजे चौदा बोगी आणि तीन पार. एकाही बर्डीची गरज नाही! बर्डीची घाई आपण विनाकारण अंगावर घेतो. जुगारात हरलेले पैसे त्याच बैठकीत परत मिळवायला निघालेल्या माणसाचं जे होतं, तेच मग होतं. आमच्या चौकडीतल्या एका खेळाडूची सुरुवातही तशीच झाली होती. नंतर प्रत्येक टीवर ड्रायव्हर, झाडांतल्या फटीतून थेट झेंड्यावर नेम. पहिले नऊ संपायच्या आत त्याने कार्डात बघणं सोडून दिलं होतं. स्विंग त्याचा माझ्यापेक्षा चांगला आहे.

खेळाच्या पद्धतीतही खराब होलला आधार ठेवलेला आहे. स्टेबलफोर्डमध्ये वाईटात वाईट होलला शून्य गुण, त्याखाली काही नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत एका होलचा आकडा पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके, एवढ्यावरच थांबतो. स्पर्धेच्या कार्डावर माझा आठ आठच राहिला, पण हँडिकॅपसाठी तो सात धरला गेला.

मोठ्यांचे दाखले आहेतच. १९९७ च्या मास्टर्समध्ये टायगर वुड्सने पहिल्या दिवशी पहिल्या नऊ होलना ४० फटके घेतले, चार ओव्हर. दहाव्या टीकडे चालताना त्याने आपला बॅकस्विंग फार लांबतोय हे ओळखलं आणि तो आटोक्यात आणला. पुढचे नऊ ३० मध्ये. स्पर्धा त्याने १२ फटक्यांनी जिंकली. रोरी मॅकिलरॉयची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. २०१९ ची ओपन त्याच्या घरच्या प्रदेशात, रॉयल पोर्टरशवर होती. पहिलाच फटका ओबी आणि पहिल्याच होलवर आठ. सगळे तो आठच लक्षात ठेवतात. पण पंधराव्या होलपर्यंत तो तीन ओव्हरवर सावरला होता. घात झाला सोळाव्यावर आणि अठराव्यावर. सोळाव्यावर तर वीतभराचा पट घाईत चुकला. दुसऱ्या दिवशी ६५ खेळूनही कट एका फटक्याने हुकला. तोच मॅकिलरॉय २०२५ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी पहिल्या होलवर डबल बोगी करून दोन फटक्यांची आघाडी गमावून बसला, आणि संध्याकाळी प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवून जिंकला.

म्हणून पहिला होल बिघडला की दुसऱ्या टीपर्यंत मुद्दाम हळू चाला. पाणी प्या. सोबत्यांशी गोल्फ सोडून दुसरं काहीही बोला. पुढचे तीन होल बॉल खेळात राहील असाच क्लब घ्या. वीस-तीस यार्ड कमी पडले तरी चालतील. झेंडा बंकरच्या मागे असेल तर त्याच्याकडे बघूच नका, ग्रीनच्या मध्यावर मारा. बॉल झाडांत गेला तर सर्वात जवळच्या मोकळ्या जागेतून, आडवा का होईना, फेअरवेवर काढा. बॉल हरवेल किंवा बाहेर गेला असेल अशी शंका आली तर टी सोडायच्या आधीच सोबत्यांना सांगून प्रोव्हिजनल खेळा, कारण शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात. या काळात स्विंग दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. ते काम रेंजवरचं.

आणि सकाळी लवकर या. गाडीतून उतरून थेट टीवर गेलेल्या शरीराकडून पहिल्या फटक्याची अपेक्षा धरणंच चूक. दहा-पंधरा मिनिटं कंबर, खांदे मोकळे करा, थोडे पट मारा. पहिल्या होलवरची अर्धी भीती इथेच जाते.

एक विनंती सोबत खेळणाऱ्यांनाही आहे. कुणाचा पहिला होल बिघडला की त्याला लगेच "डोकं उचललंस", "खांदा पडला" असं सांगायला धावू नका. त्याच्या डोक्यात आधीच गर्दी झालेली असते. स्पर्धेत तर असा सल्ला देणं नियमातच बसत नाही. देणाऱ्यालाच दोन फटक्यांचा दंड होतो.