आधी ऊन, मग ओल, मगच कासव

हर्मन कासवाचं पिल्लू घ्यायचं ठरवलंस, ऐकून मला फार बरं वाटलं गं. मँचेस्टरच्या त्या ढगाळ हवेत, ऑफिसातून थकून आल्यावर, घरात कुणीतरी आपल्या वेगाने जगणारं असेल. पण ब्रीडरला अजून तारीख देऊ नकोस. आधी घर मांड, दिवे लाव आणि आठवडाभर ते रिकामंच चालू ठेव. सकाळी, दुपारी, रात्री तापमान लिहून काढ. आकडे स्थिर झाले की मग पिल्लू आण. ‘आणू तर खरं, मग बघू’ हे मांजरीच्या बाबतीत कदाचित चालून जाईल, इथे नाही. जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचा जीव तो. स्वतःच्या अंगात ऊब तयार करणं त्याला जमत नाही. जी मिळेल ती बाहेरूनच, म्हणजे तू जी मांडून देशील तीच.

कागदपत्रांचं आत्ताच सांगून टाकते. हर्मन कासव विकायला ब्रिटनमध्ये ‘आर्टिकल १०’ प्रमाणपत्र लागतं. ते हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नकोस, समोरचा माणूस कितीही गोड बोलू दे. भूमध्य समुद्राच्या काठची ही कासवं पूर्वी इथे लाखोंनी आयात व्हायची, आणि त्यातली कितीतरी पहिल्याच वर्षात मरायची. १९८४ मध्ये हा व्यापार बंद झाला. आज ब्रीडरच्या घरी जन्मलेलं, कागद असलेलं पिल्लू मिळतं ते त्यामुळे. आणि तुझं ऐकून नाशिकच्या भावाला स्टार कासव पाळायची हुक्की आली असेल, तर त्याला स्पष्ट सांग की ते बेकायदा आहे. स्टार कासव आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. घरात ते असलं की लक्ष्मी येते वगैरे समजुतींपायी ती बिचारी जंगलातून पिशव्यांमध्ये कोंबून आणली जातात. त्यात आपल्या घरचं कुणी नको.

आता घर. त्याआधी हे पिल्लू मुळात कुठलं, ते मनात धर. स्पेनपासून इटली, ग्रीस आणि बाल्कन देशांपर्यंतची झुडपाळ, खडकाळ जमीन हा त्याचा मुलूख. सकाळी ते उन्हात अंग शेकतं, चरतं, ऊन चढलं की झुडपाखाली शिरतं. मोठी कासवं उघड्यावर फिरताना दिसतात, पिल्लं मात्र दिवसातला बराच वेळ गवताच्या मुळाशी, मातीत, ओलाव्यात दडून असतात. भूमध्य प्रदेश म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर कोरडी वाळू येते आणि मग पिल्लाला कोरड्या पेटीत ठेवलं जातं. त्याचा परिणाम पाठीवर दिसतो. कवचाचा एकेक खवला उंच वाढतो आणि पाठ टेकडीटेकडीची होते. पूर्वी याचं सगळं खापर जास्त प्रथिनांच्या खाण्यावर फोडायचे. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकन सुल्काटा कासवांच्या पिल्लांवर प्रयोग केला, तेव्हा असं दिसलं की खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम कितीतरी मोठा होता. एकदा आलेले उंचवटे पुन्हा सपाट होत नाहीत. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं ओल सांभाळणं हे तुझं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

काचेची टाकी घेऊ नकोस. दुकानदार ती पुढे करेल, दिसतेही सुरेख. पण कासवाला काच कळत नाही. पलीकडे जागा दिसते, म्हणून ते तासन्‌तास काचेला डोकं लावून चालत राहतं. शिवाय लहान टाकीत सगळीकडे सारखंच गरम होतं, आणि तेच नको आहे. एका टोकाला कडक ऊन, दुसऱ्या टोकाला गार सावली, आणि कुठे कधी बसायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. यासाठी लांबी लागते. कमीत कमी ९० बाय ६० सेंटिमीटर, जागा असेल तर १२० बाय ६०. इथे लोक एक छान युक्ती करतात. जुनं लाकडी पुस्तकांचं कपाट घ्यायचं, फळ्या काढायच्या आणि ते पाठीवर आडवं ठेवायचं. कपाटाची खोली ती भिंतींची उंची होते. आत तळ्याला घालतात ते जाड रबरी अस्तर लाव, म्हणजे लाकूड कुजणार नाही. चॅरिटी शॉपमध्ये अशी कपाटं अगदी स्वस्तात मिळतात. वरून उघडं राहिल्याने हवा खेळती राहते, पण ओल उडून जाते. म्हणून गार बाजूचा अर्धा भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याने झाक. दिव्याखालचा भाग मात्र मोकळाच राहू दे.

पैसे कुठे खर्च करायचे, ते आता नीट ऐक. लाकडी घरकुलं, कृत्रिम वेली, रंगीत पूल यांवर एक पौंडही घालवू नकोस. सगळा पैसा दिव्यांवर घाल. तुला दोन वेगळे दिवे लागतील. पहिला उष्णतेचा. हॅलोजनचा, पसरट झोताचा घे. बारीक झोताचा दिवा कवचाचा वरचा एकच ठिपका तापवतो आणि तो सुकवून टाकतो. पसरट झोताखाली अख्खं पिल्लू मावतं. दिव्याखाली, त्याच्या पाठीच्या उंचीवर, तापमान ३२ ते ३५ अंश हवं आणि गार टोकाला साधारण २० ते २२. होल्डर चिनी मातीचाच घे, प्लास्टिकचा वितळतो. दिवा साखळीने पक्का टांग, त्याच्याच वायरवर लोंबकळत ठेवू नकोस. पडलेल्या हॅलोजनने कोरड्या लाकडाला आग लागते. सोबत डिमिंग थर्मोस्टॅट आणि टायमर. दिवस बारा तासांचा ठेव.

दुसरा दिवा यूव्हीबीचा. यूव्हीबी किरणांमुळे त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. नाही तर हाडं आणि कवच मऊ पडतं, पाय वाकतात. खिडकीत ठेवून हे काम होत नाही. खिडकीची काच यूव्हीबी अडवते आणि उष्णता तेवढी आत सोडते, म्हणजे पिल्लू भाजायचं आणि उपाशीही राहायचं. ‘टी ५’ प्रकारची लांब नळी घे, मागे रिफ्लेक्टर असलेली, पेटीच्या निम्म्या लांबीची. पिळाचे छोटे बल्ब घेऊ नकोस, त्यांचा प्रकाश फार थोड्या जागेत पडतो. नळी आणि हॅलोजन शेजारी शेजारी टांग, म्हणजे शेकताना दोन्ही एकदम मिळतील. मध्ये काच किंवा प्लास्टिक काहीही येऊ देऊ नकोस. आणि वर्षाने नळी बदल. ती डोळ्यांना तशीच उजळ दिसते, पण तिच्यातला यूव्हीबी तोवर ओसरलेला असतो.

रात्री सगळे दिवे बंद. लाल नाही, निळाही नाही. कासवाला रंग दिसतात, आणि त्याला खरा अंधार लागतो. रात्रीचा १५ ते १८ अंशांचा गारवा त्याला चालतो. मात्र तुझं हीटिंग रात्री बंद असतं, तेव्हा जानेवारीत खोली याहून गार पडेल. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून ठेव. पेटीखाली गरम होणारी चटई मात्र नको. कासव फार तापलं की खाली माती उकरून गारवा शोधतं, आणि तिथेच चटका बसला तर त्याने जायचं कुठे?

खाली माती घालायची. वाळलेल्या गवताच्या कांड्या, लाकडाचा भुसा, वर्तमानपत्र यांतलं काही नको. खत किंवा कुठलंही रसायन न घातलेली बागेची माती घे. पिशवीवर नीट वाच, पांढरे दाणे मिसळलेले असतील तर ती पिशवी परत ठेव. तिच्यात कोकोपीट मिसळ आणि निदान दहा सेंटिमीटरचा थर दे, कारण पिल्लं स्वतःला पुरून घेऊन झोपतात. कोपऱ्यांतून पाणी ओतत जा, म्हणजे खालचा थर भिजतो आणि वरचा जवळपास कोरडा राहतो. खालची माती मुठीत दाबलीस की तिचा लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. वर सतत चिखल असेल तर पोटाकडचं कवच खराब होतं. गार टोकाला एक लपायची जागा कर. उलटी घातलेली अर्धी मातीची कुंडी पुरते. आत ओलं स्फॅग्नम मॉस भर. तिथे ते झोपेल, आणि पिल्लाला झोपेत मिळणारी ही ओलच कवचाच्या वाढीला सगळ्यात जास्त उपयोगी पडते असा माझा तरी विश्वास आहे.

पाण्याला कुंडीखालची मातीची ताटली, उथळ, मातीत काठापर्यंत रोवलेली. त्यात ते बसेल, पिईल आणि घाणही करेल, तेव्हा रोज धू. शिवाय रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसव. पाणी हनुवटीच्या वर जाऊ देऊ नकोस. या अंघोळीसाठी वेगळी पसरट कुंडी ठेव, स्वयंपाकघरातलं भांडं नको. कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून हाताळून झालं की दरवेळी साबणाने हात धू.

दिव्याखाली एक सपाट स्लेटचा दगड ठेव. त्यावर खायला दिलंस की चोच आणि नखं आपोआप घासली जातात. उंच, चढाचे दगड मात्र नकोत. पिल्लू चढतं, उलटं होतं, आणि दिव्याखाली उताणं पडून राहिलं तर तासाभरात जीव जाऊ शकतो. सावलीला झाडं हवीतच. स्पायडर प्लांट आणि सेम्परव्हिवम चालतात, खाल्ले तरी हरकत नाही. नर्सरीतून आणलेली झाडं लगेच ठेवू नकोस, त्यांवर फवारे मारलेले असतात. काही आठवडे वेगळी वाढव, मग ठेव. तुझ्या हॉलमधल्या मनी प्लांटची पानं त्याच्या तोंडाशी येणार नाहीत एवढं बघ, ते विषारी आहे. डिफेनबाखियाही तसंच.

खाण्याचं सोपं आहे, आणि मँचेस्टरात फुकटही. डँडेलियनची पानं-फुलं, प्लँटेन, सो-थिसल. रस्त्याच्या कडेचं आणि तणनाशक मारलेलं सोडून कुठलंही तण. आठवड्यातून काही वेळा वर कॅल्शियमची पूड भुरभुरव. आई व्हिडिओ कॉलवर सांगेल, “अगं, काकडी दे, टोमॅटो दे, जरा पोळीचा तुकडा दे.” तिचा जीव त्यात आहे, पण ऐकू नकोस. पोळी अजिबात नको, फळं हर्मनला मानवत नाहीत, पालक कॅल्शियम अडवतो. आईला त्याऐवजी डँडेलियनच्या बिया पेरल्याचा फोटो पाठव, तिला मनापासून आवडेल.

दोन आणली तर एकमेकांना सोबत होईल, असं ब्रीडर म्हणाला म्हणालीस. नको. कासवं एकेकटीच राहतात. दोघांत एक हळूहळू दबत जातं, खात नाही, वाढत नाही, आणि बाहेरून ते शांत बसल्यासारखं दिसतं. एकच आण आणि दर आठवड्याला त्याचं वजन कर, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. ही सवय इथे फार जुनी आहे. सेलबोर्न गावचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात टिमथी नावाच्या कासवाचं वजन करून नोंदी ठेवल्या होत्या. १७८० मध्ये त्यांनी ते आपल्या बागेत आणलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर साधारण वर्षभर, १७९४ पर्यंत, ते जगलं. नंतर कळलं की टिमथी मादी होती. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तुझ्याही नोंदींचा उपयोग होईल. वजन सलग काही आठवडे घटत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, डोळे सुजले असतील, तर वाट बघू नकोस. एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे पिल्लू यायच्या आधीच नाव नोंदव, सगळेच व्हेट कासव बघत नाहीत.

हिवाळी झोपेचं पहिल्या वर्षी त्या व्हेटशी बोलूनच ठरव. तोवर नोव्हेंबरातही दिवे जूनसारखेच चालू ठेव. अर्धवट गारठ्यात पिल्लू ना नीट झोपतं ना खातं, नुसतं खंगत जातं.

आणि ती यूव्हीबीची नळी विकत घेऊन ठेव, पण अजून टांगू नकोस. दर नळीची ताकद वेगळी, उंची थोडी बदलली तरी किरणांत मोठा फरक पडतो. पाकिटावरचा तक्ता बघून अंदाज येतो, पण मोजलेलं बरं. माझ्याकडे यूव्ही मीटर आहे. पुढच्या शनिवारी मी तो घेऊन येते. पाठीच्या उंचीवर यूव्ही इंडेक्स ३ ते ४ येईपर्यंत नळी वरखाली करू, तिथे पक्की करू, आणि मग तू ब्रीडरला फोन कर.