अंगणातील पाणी

प्रस्तावना

पावसाची सर ओसरते, रस्ते कोरडे होतात. पण काही घरांच्या अंगणात पाणी तसेच साचून राहते. हा दोष पावसाचा नसून मातीच्या स्वभावाचा असतो. अलीकडे अशा अंगणावर कृत्रिम हिरवळ अंथरण्याची पद्धत वाढत आहे. तिच्यामुळे चिखल दिसेनासा होतो. परंतु पाण्याचा निचरा होतो का? या पाठात आपण याचाच विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• चिकणमातीत पाणी का साचते, हे सांगू शकाल;
• अंगणातील निचऱ्याची परीक्षा घेऊ शकाल;
• कृत्रिम हिरवळीचे लाभ व मर्यादा यांची तुलना करू शकाल.

मूळ पाठ

१. मातीचा स्वभाव

छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांच्या परिसरात बोरसी ही वस्ती आहे. या भागात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. येथील शेतकरी मातीचे चार प्रकार मानतात : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा ही लाल, खडेयुक्त माती. तीत पाणी टिकत नाही. कन्हार ही काळी, भारी चिकणमाती. ती पाणी सोडत नाही. जो गुण शेतात वरदान ठरतो, तोच घराच्या अंगणात अडचण होतो.

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. त्यांच्यामधील पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी अतिशय मंद गतीने खाली झिरपते. काळी चिकणमाती ओली होताच फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्याने फरशी उचलली जाते, कुंपणाच्या भिंतीला तडे जातात. साचलेल्या पाण्यात डासही वाढतात. भिलाईत २०१८ मध्ये डेंग्यूची मोठी साथ आली होती. डेंग्यूचा डास मुख्यतः भांडी, टायर, कूलर यांतील पाण्यात अंडी घालतो, तर अंगणातील डबकी अन्य जातींच्या डासांना आश्रय देतात. म्हणून दोन्ही ठिकाणचे पाणी हटविणे आवश्यक आहे.

पाठगत प्रश्न १ : कन्हार मातीचा गुण अंगणात दोष का ठरतो?

२. हिरवळ मैदानातून अंगणात

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या क्रीडागारात नैसर्गिक गवत जगेना. तेव्हा १९६६ मध्ये तेथे कृत्रिम हिरवळ बसविण्यात आली. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच अशा मैदानावर झाले. आज दुर्गजवळच्या राजनांदगावातही कृत्रिम हिरवळीचे हॉकी मैदान आहे. अशा मैदानावर पाणी थांबत नाही, याचे श्रेय केवळ वरच्या हिरवळीला नाही. ते तिच्याखालच्या, उतार देऊन बांधलेल्या पायाला आहे. घरच्या अंगणालाही हाच नियम लागू पडतो.

३. खरे काम जमिनीखालचे

आरंभी मातीची परीक्षा घ्यावी. सुमारे ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. भेगांमुळे पहिले पाणी लवकर जिरू शकते. म्हणून ते जिरल्यावर खड्डा पुन्हा भरून मोजणी करावी. तासाभरात पाणी १ सेंटीमीटरही उतरले नाही, तर निचरा वाईट आहे असे समजावे.

अशा जागी वरची सुमारे १५ सेंटीमीटर माती काढून टाकावी. उरलेल्या मातीलाच घरापासून दूर, दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर उतार द्यावा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. हिरवळीच्या छिद्रांतून आलेले पाणी अखेरीस चिकणमातीवरच थांबते. तेथे उतार नसेल, तर हिरवळीखाली न दिसणारे तळे तयार होते.

मातीवर पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरावे, म्हणजे चिखल खडीत मिसळत नाही. त्यावर १० सेंटीमीटर खडी, मग बारीक खडीचा पातळ थर आणि शेवटी हिरवळ, असा क्रम असतो. खडीत साधारण ३० ते ४० टक्के पोकळी असते. त्यामुळे एका चौरस मीटरखालील १० सेंटीमीटर खडी ३० ते ४० लिटर पाणी, म्हणजे ३० ते ४० मिलिमीटर पाऊस, काही काळ धरून ठेवते. हे पाणी छिद्रे असलेल्या नळाने नालीत सोडावे. शेजाऱ्याच्या दाराशी ते सोडणे हा उपाय नव्हे. ती अडचणीची केवळ बदली होय. शोषखड्डाही चिकणमातीचा थर भेदून मुरमापर्यंत पोहोचला, तरच उपयोगी पडतो.

पाठगत प्रश्न २ : उतार हिरवळीखालच्या मातीलाच का द्यावा?

४. मर्यादा आणि पर्याय

कृत्रिम हिरवळ प्लास्टिकची असते. भर उन्हात तिचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते; अनवाणी खेळणाऱ्या मुलांना ते सोसवत नाही. ती झिजते, तेव्हा प्लास्टिकचे सूक्ष्म कण मातीत व पाण्यात मिसळतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा मैदानांवर पसरल्या जाणाऱ्या प्लास्टिक कणांच्या विक्रीवर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा नियम केला. घरी कणांऐवजी धुतलेली वाळू वापरता येते.

उतार, खडी आणि नाली ही तीन कामे नीट झाली, तर हिरवळीवाचूनही अंगण कोरडे राहते. त्यावर दाबलेला मुरूम, सांधे मोकळे ठेवलेली फरशी, अथवा सखल कोपऱ्यात कर्दळीसारखी ओल सोसणारी झाडे, हे पर्याय स्वस्त व शीतल आहेत. हिरवळ अंगणाला रूप देते. निचरा मात्र तिच्याखालच्या श्रमातून होतो.

शब्दार्थ

निचरा – पाणी वाहून किंवा झिरपून जाणे
सखल – खोलगट, उंचीने कमी
शोषखड्डा – पाणी जमिनीत मुरविण्यासाठी केलेला खड्डा
मुरूम – खडेयुक्त, कठीण माती

स्वाध्याय

१. खड्डा दुसऱ्यांदा भरल्यावरच मोजणी का करावी?
२. 'अडचणीची केवळ बदली' या शब्दांचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात पाणी साचणारी एक जागा पाहा. तिच्या निचऱ्यासाठी उपाय सुचविणारे पत्र नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस लिहा.