उचलणे आणि ठेवणे : घरच्या मोटार-लिफ्टविषयी एक पाठ

बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव हे गाव गोंदिया-बालाघाट मार्गावर, बाघ नदीच्या काठी, दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला; परंतु व्यापाराची वाट बदलली नाही. अशा ठिकाणी व्यापाऱ्याचे वाहन म्हणजे त्याच्या पेढीचे पायच होत. वाहन बिघडले की माल अडतो. म्हणून घराशेजारच्या गॅरेजमध्येच जॅक लावून, आणि ऐपत असल्यास लिफ्ट बसवून, बारीकसारीक दुरुस्ती उरकण्याकडे कल वाढत आहे. ही सोय निःसंशय चांगली आहे. मात्र तिच्या मागे येणाऱ्या जबाबदारीचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा पाठ आम्ही सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम या यंत्राचे तत्त्व समजून घेऊ. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कल या फ्रेंच पंडिताचा सिद्धांत. त्याचा ग्रंथ मरणोत्तर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्याच्या पन्नासपट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या घेतला, तर एक किलोच्या जोराने पन्नास किलो उचलता येतात. मात्र मोठा दट्ट्या एक बोट वर यावयास लहान दट्ट्या पन्नास बोटे दाबावा लागतो. निसर्गाच्या वहीत जमा तितकाच खर्च! याच तत्त्वावर अमेरिकेतील मेम्फिस शहरी पीटर लुनाटी या कारागिराने १९२५ च्या सुमारास मोटार उचलणारी लिफ्ट सिद्ध केली. नाभिकाच्या दुकानातील वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात.

आता मुख्य गोष्ट. तेलाचा दाब हा उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नव्हे. सील झिजते, नळी फुटते, झडपेत कचरा अडकतो आणि वर गेलेले ओझे हळूहळू किंवा एकाएकी खाली येते. म्हणून लिफ्टच्या प्रत्येक खांबात पोलादी खटके बसविलेले असतात. गाडी हव्या त्या उंचीवर नेल्यावर ती किंचित खाली घेऊन त्या खटक्यांवर टेकवावी, सर्व खटके एकाच उंचीवर बसल्याची खात्री करावी, आणि मगच खाली पाऊल टाकावे. जॅकविषयीही हाच नियम. जॅकने गाडी उचलावी व ती भक्कम पोलादी घोड्यांवर टेकवावी. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचून आधार देणे सर्वथा वर्ज्य; ते पूर्वसूचना न देता फुटतात. लहान मोटारसुद्धा आठ-दहा क्विंटल भरते. दहा क्विंटल म्हणजे पन्नास किलोची वीस पोती. ती माणसाच्या छातीवर पडली तर काय होईल, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको.

दुसरी गोष्ट जमिनीची. दोन खांबांच्या लिफ्टचा सारा भार तळाच्या बोल्टांवर व फरशीवर येतो. बहुतेक कारखानदार निदान चार इंच जाडीचे चांगले काँक्रीट मागतात, काही त्याहून अधिक. जुन्या, भेगाळलेल्या फरशीत बोल्ट ठोकू नयेत. नवे काँक्रीट घातल्यास अठ्ठावीस दिवस मुरू द्यावे. आपल्याकडील कन्हार जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात फाटते; तेथे पाया जाणत्या अभियंत्यास दाखविल्याखेरीज काम धरू नये.

तिसरी गोष्ट तोलाची. ज्याचा जन्म तराजूपाशी गेला त्यास ती सहज कळेल. लिफ्टचे चारही हात गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावेत; तेलाच्या टाकीखाली अथवा पातळ पत्र्याखाली लावू नयेत. चाके जमिनीपासून सुटली की थांबावे, गाडी हाताने हलवून पाहावी, आणि ती स्थिर असेल तरच पुढे उचलावी. गाडीत माणूस वा माल ठेवू नये. इंजिन किंवा गिअरपेटी काढली की एक पारडे हलके होते व गाडी दुसऱ्या बाजूस कलते. असे काम आधी जादा टेकू दिल्यावाचून करू नये.

लिफ्टवर तिची भारक्षमता लिहिलेली असते. ती ओलांडण्याचा मोह कधीही धरू नये. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण हा एक सांगितला आहे. मूळ अर्थ पशूंवर व सेवकांवर शक्तीबाहेर ओझे लादणे असा आहे. परंतु क्षमतेबाहेर लादलेल्या यंत्राखाली सेवकास उभे करणे त्याहून निराळे कसे म्हणावे?

खाली घेण्याचा क्षण सर्वात फसवा. काम संपलेले असते, मन पुढच्या व्यवहाराकडे धावते. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे : वस्तू उचलताना व ठेवताना जागा पाहावी, प्रमार्जन करावे. गृहस्थाने लिफ्टपाशी तिचा आशय शब्दशः आचरावा. खाली हत्यार, सांडलेले तेल, निजलेले मांजर, खेळणारे मूल नाही, हे चहूबाजूंनी फिरून पाहावे. मग गाडी किंचित वर घेऊन खटके मोकळे करावेत व सावकाश उतरवावी. काम नसता मुख्य बटण बंद ठेवून किल्ली घरातील वडीलधाऱ्याच्या स्वाधीन असावी. मध्येच वीज गेल्यास हाताने उतरविण्याची रीत आधीच शिकून ठेवावी.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने भार उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून निदान एकदा जाणत्या माणसाकडून पूर्ण तपासणी करण्याचा दंडक घातला होता. घरच्या गॅरेजात निरीक्षक येत नाही. म्हणून तेथे मालकानेच निरीक्षक व्हावे. दिवाळीस वह्या बदलतो, त्याच सुमारास दोर, साखळ्या, बोल्ट, नळ्या व खटके तपासवून तारीख लिहून ठेवावी.

अखेर एक विनंती. बहुधा गाडीखाली शिरणारा माणूस मालक नसतो. तो चालक असतो, नाहीतर हाताखालचा पोरगा. माल वेळेवर पोचावा म्हणून “पाच मिनिटांचे तर काम” असे आपण म्हणतो, आणि तो नाही म्हणू शकत नाही. त्याचे मौन ही संमती नव्हे. हिंसेचे मूळ आपल्या शास्त्रांनी प्रमादात दाखविले आहे. हेतू शुद्ध असला तरी प्रमादाचा दोष टळत नाही. पेढीवर उशिरा पोचलेल्या मालाची भरपाई पुढील हंगामात होते. त्या पोराच्या घरची भरपाई कोणत्याही हंगामात होत नाही. म्हणून खटका बसला की नाही हे पाहिल्यावाचून आपण स्वतः ज्या गाडीखाली शिरणार नाही, तिच्याखाली दुसऱ्यास पाठवू नये, एवढा नियम आपल्या प्रत्येक सभासदाने या वर्षी करावा, अशी आमची प्रार्थना आहे.