तुकड्यांतून वाघाची ओळख

नागझिऱ्याच्या पायवाटेवरील वाघाची विष्ठा संशोधक जपून उचलतात, यात हसण्यासारखे काही नाही. तिच्याबरोबर वाघाच्या आतड्यातील पेशी बाहेर पडतात आणि त्या पेशींत त्याचा जनुकसंच असतो. ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला हा मजकूर सुमारे २४० कोटी अक्षरांचा आहे.

एवढा मजकूर सलग वाचणारे यंत्र नव्हते. फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या पद्धतीने एका वेळी काहीशे अक्षरेच वाचता येत. त्यावर निघालेला उपाय वरकरणी अविचारी वाटतो. डीएनएच्या असंख्य प्रतींचे वाटेल तसे तुकडे करायचे, ते वाचायचे आणि एकमेकांवर येणारी टोके जुळवीत मूळ मजकूर उभा करायचा. छर्रे विखुरणाऱ्या बंदुकीवरून या रीतीला ‘शॉटगन’ हे नाव पडले. सँगर यांच्या गटाने १९८२ मध्ये लॅम्डा विषाणूची ४८,५०२ अक्षरे अशी लावली. १९९५ मध्ये एका जिवाणूची १८ लाखांहून अधिक अक्षरे लागली.

खरी अडचण पुनरावृत्तीची. भीमगीतांच्या वहीच्या पन्नास प्रती फाडून चिठ्ठ्या केल्या, तर कडवी जुळतील. पण ध्रुपदाची चिठ्ठी कोणत्या कडव्यानंतरची, हे कसे ठरवावे? प्राण्यांच्या डीएनएत अशी ध्रुपदे लाखोंनी असतात. म्हणूनच वेबर आणि मायर्स यांनी १९९७ मध्ये मानवी जनुकसंच याच रीतीने वाचावा असे सुचविले, तेव्हा जाणकारांनी विरोध केला. त्यांचा आधार होता लांब तुकड्याची दोन्ही टोके वाचण्याचा. मधला भाग न वाचताही टोकांमधले अंतर ठाऊक असले, की ध्रुपदाच्या अलीकडचे आणि पलीकडचे कडवे सापडते. २००० मध्ये फळमाशीचा जनुकसंच असा उभा राहिला.

वाघाचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दक्षिण कोरियातील प्राणिसंग्रहालयातल्या सायबेरियन वाघाचा. त्याच वर्षी नागझिऱ्याचा ‘जय’ रस्ते, नद्या, शेते ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला. तो दिसला म्हणून त्याची बातमी झाली. न दिसणाऱ्यांचा माग डीएनएतूनच लागतो. विष्ठेतील डीएनए झिजलेला असतो, त्यामुळे त्यातून सारा मजकूर नव्याने उभारणे कठीण. पण वाघागणिक बदलणाऱ्या मोजक्या जागा तपासल्या तरी वाघ ओळखता येतो, नाती कळतात. मध्य भारतातील जंगलांचे वाघ अद्याप एकमेकांशी जोडलेले आहेत, हे अशाच तपासणीतून दिसले. रणथंबोरच्या वाघांचे जनुकसंच वाचल्यावर मात्र एकाकीपणातून आलेल्या आप्तसंकराच्या खुणा आढळल्या.

नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्ता आपल्यालाही हवाच. पण त्याखालून ठेवलेली वाट वाघ खरोखर वापरतात काय, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरलेली नाही. दोन्ही बाजूंचे नमुने वर्षानुवर्षे ताडून पाहिले, तर पलीकडच्या वाघाची पिल्ले अलीकडे जन्मतात की नाही, हे कळते.